धरणातून पाणी सोडायचं कसं, आणि खालच्या नदीचं काय? सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, गोकाक भागात सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा असते: किती क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) सोडलं, किती टीएमसी (अब्ज घनफूट) झालं, कुठला बंधारा पाण्याखाली गेला. उन्हाळ्यात तीच नदी डबक्या-डबक्यांनी उरते आणि मग तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. धरण चालवता चालवता शिकायचं आणि त्या शिकण्याचा फायदा खालच्या नदीला द्यायचा, अशी एक पद्धत जगात आहे. तिच्याबद्दल लोक जे विचारतात, त्याची ही उत्तरं.

ही पद्धत नेमकी काय आहे?

प्रत्येक मोठ्या धरणाची एक परिचालन सूची असते. कुठल्या तारखेला जलाशय किती भरलेला असावा, पाणी वर चढलं तर किती दरवाजे उचलायचे, आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) कधी द्यायचं, हे तीत लिहिलेलं असतं. आपल्याकडं ही सूची एकदा ठरली की ती खरी आहे असं धरून चालतात. या पद्धतीत तिला अंदाज मानतात. 'अशा रीतीने पाणी सोडलं तर खाली अमुक घडेल' हे आधी कागदावर लिहायचं, तसं पाणी सोडायचं, खाली जाऊन मोजायचं आणि अंदाज चुकला असेल तर पुढच्या वर्षी सूची बदलायची. सरकारी कागदांत याला अनुकूली व्यवस्थापन म्हणतात. १९७०च्या दशकात कॅनडात सी. एस. होलिंग, कार्ल वॉल्टर्स यांच्यासारख्या परिसर-अभ्यासकांनी ही कल्पना मांडली. निसर्ग पूर्ण समजेपर्यंत थांबता येत नाही आणि न समजता कायमचा नियम करणंही धोक्याचं, हा त्यांचा मुद्दा होता.

माझ्या मते यातली खरी अवघड पायरी पहिलीच आहे. अपेक्षा आधी लिहून ठेवली नाही, तर नंतर काहीही घडलं तरी 'आम्हाला हेच हवं होतं' असं म्हणता येतं.

हे मोठ्या प्रमाणावर कुठं झालंय?

सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं, कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचं. १९६३ मध्ये तिथं पाणी अडवायला सुरुवात झाली. जलाशयाची मूळ क्षमता सुमारे १,१७५ टीएमसी, म्हणजे आपल्या घटप्रभेवरच्या ५१ टीएमसीच्या हिडकलसारखी तेवीस धरणं. धरणाच्या खाली थोड्याच अंतरावर ग्रँड कॅन्यनची जगप्रसिद्ध दरी सुरू होते.

पहिली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं हे धरण विजेच्या मागणीप्रमाणे चाललं. दुपारी-संध्याकाळी मागणी वाढली की पाणी धो धो, रात्री जवळपास बंद. दरीतली पातळी एका दिवसात दहा-बारा फुटांनी वर-खाली व्हायची. १९९१ मध्ये या चढउतारावर तात्पुरती बंधनं आली. १९९२ मध्ये अमेरिकी संसदेने ग्रँड कॅन्यन संरक्षण कायदा केला, १९९६ मध्ये धरण चालवण्याचा नवा निर्णय झाला आणि १९९७ पासून त्यासाठी कायमची सल्लागार मंडळी बसू लागली. २०१६ मध्ये पुढच्या २० वर्षांचा आराखडा मंजूर झाला.

धरण खाली पाणी सोडतंच की. मग नदीचं बिघडतं काय?

पाणी येतं, पण पाण्याबरोबर जे यायचं ते येत नाही. तिथं तीन गोष्टी घडल्या.

पहिली वाळू. दरीत पूर्वी येणारी नव्वद टक्क्यांहून जास्त वाळू जलाशयाच्या तळाशी अडकली. खाली गेलं ते निवळशंख, भुकेलं पाणी. त्याने काठावरचे वाळूचे पट्टे खरवडून नेले. नवी वाळू आता मुख्यतः पारिया आणि लिटल कोलोरॅडो या दोन उपनद्याच आणतात.

दुसरी उष्णता. टर्बाइनला पाणी जलाशयाच्या खोल थरातून जातं. पूर्वी उन्हाळ्यात २५ अंशांच्या पुढं तापणारी नदी बारमाही ८-१० अंशांवर आली. तिथल्या मूळच्या माशांची अंडी इतक्या गार पाण्यात नीट उबत नाहीत. हंपबॅक चब नावाचा पाठीवर उंचवटा असलेला मासा त्यामुळे मोजक्या जागी उरला.

तिसरी लय. वर्षातून एकदा येणारा मोठा पूर गेला आणि त्याच्या जागी रोजची भरती-ओहोटी आली.

आपल्याकडं पावसाळा वेगळा, माती वेगळी, म्हणून हे तिन्ही आकडे उचलून इथं चिकटवायचे नाहीत. पण वाळू, उष्णता आणि लय हे प्रश्न कुठल्याही धरणाला विचारता येतात.

तिथं म्हणे मुद्दाम पूर सोडतात. हे वेडेपण नाही का?

आपल्या कानाला विचित्रच वाटतं. २००५, २०१९चे महापूर पाहिलेल्या माणसाला 'मुद्दाम पूर' हा शब्दसुद्धा नको वाटेल, आणि ते बरोबर आहे.

मार्च-एप्रिल १९९६ मध्ये त्यांनी सात दिवस ४५ हजार क्युसेकने पाणी सोडलं. १ टीएमसी म्हणजे ११ हजार ५७४ क्युसेकने चोवीस तास. त्या हिशेबाने सात दिवसांत २७ टीएमसीहून जास्त पाणी गेलं. धरणापूर्वी त्या नदीला दरवर्षी ८०-९० हजार क्युसेकचे पूर यायचे, म्हणजे हा पूर जुन्याच्या निम्माच. शिवाय त्या दरीत गावं नाहीत, ऊस नाही, घाटावर देऊळ नाही.

आपल्याकडं हा प्रयोग करायचं काहीच कारण नाही. पूर इथं न बोलावता येतो. तिथून घ्यायची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला जास्त मोलाची वाटते: पाणी वाढवण्याचा आणि उतरवण्याचा वेग. १९९६च्या नियमात तासाला ४ हजार क्युसेकपर्यंत वाढवायची मुभा होती, पण कमी करताना तासाला १,५०० क्युसेकच. उतार चढापेक्षा सावकाश. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला याचं कारण सांगावं लागत नाही. पूर चढताना काठची माती पाणी पिते. पातळी झपकन उतरली की बाहेरून धरून ठेवणारं पाणी जातं, आतलं तसंच राहतं आणि ओली जड कड उभीच्या उभी नदीत कोसळते. चांगली मळीची जमीन अशी जाते. मासेही उथळ खड्ड्यांत अडकून मरतात ते याच वेळी. आपल्याकडच्या चर्चेत मात्र 'किती सोडलं' एवढंच असतं. 'किती वेगानं बंद केलं' हे कुणी विचारत नाही.

त्या प्रयोगांतून हाती काय लागलं?

निकाल संमिश्र आहे. १९९६च्या पुरानंतर वाळूचे पट्टे उंच झाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोजमापं आली तेव्हा कळलं की ती वाळू नदीच्या तळातून न येता बरीचशी जुन्याच पट्ट्यांच्या पाण्याखालच्या भागातून आली होती. तिजोरीत नवीन काही पडलंच नव्हतं. काही महिन्यांत पट्टे पुन्हा झिजले.

मग अंदाज बदलला: पारियाने पावसाळ्यात ताजी वाळू आणून टाकली असेल तरच, आणि लगेच, पाणी सोडायचं. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये तसं करून पाहिलं, २००८ मध्ये पुन्हा. २०१२ मध्ये त्याचा पक्का नियम झाला: वाळू अमुक इतकी साठली तरच पूर, नाहीतर नाही. त्यानंतर २०१२, २०१३, २०१४, २०१६, २०१८ आणि २०२३ मध्ये असे पूर सोडले. मधली वर्षं रिकामी आहेत, आणि ती रिकामी असणं हीच माझ्या दृष्टीने या नियमाची खरी परीक्षा. तारीख आली म्हणून समारंभ केला नाही.

किड्यांचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. पाण्यातले किडे काठाला, पाण्याच्या रेषेवर अंडी घालतात. वीजनिर्मितीसाठी वाढवलेलं पाणी उतरलं की अंडी उघडी पडून वाळतात. किडे नाहीत म्हणून माशांना खाद्य नाही. २०१८ पासून काही उन्हाळ्यांत, मे ते ऑगस्ट, शनिवार-रविवारी पाणी कमी आणि स्थिर ठेवलं. त्या दोन दिवसांत विजेची मागणी तशीही कमी असते. खालच्या रेषेवर घातलेली अंडी सोमवारी पाणी वाढलं तरी ओलीच राहतात. पाण्याचा एक थेंब जास्त लागला नाही, फक्त वेळ बदलली.

आणि फसगतही आहे. दुष्काळाने जलाशय उतरला, तसं खाली जाणारं पाणी कोमट झालं. चबला ते मानवलं आणि २०२१ मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा एक पायरी खाली आला. पण त्याच उतरलेल्या, कोमट जलाशयातून स्मॉलमाउथ बास हा बाहेरचा शिकारी मासा टर्बाइनमधून खाली आला आणि २०२२ मध्ये धरणाखाली त्याची पिल्लं सापडली. म्हणून २०२४च्या उन्हाळ्यात खालच्या नळांतून गार पाणी मिसळून सोडावं लागलं. एका माशासाठी जे चांगलं तेच त्याच्या शत्रूला आयतं सापडलं.

यात वीज बुडते. तो भुर्दंड कोणावर?

बुडते. टर्बाइनला वळसा घालून सोडलेलं पाणी वीज देत नाही, आणि ती तूट बाहेरून महाग वीज घेऊन भरावी लागते. २०२३च्या पुरानंतर वळशाच्या नळांच्या आतल्या अस्तरालाही इजा झाल्याचं आढळलं. उलट बाजूने, या कार्यक्रमाच्या अभ्यासाचा खर्च बराच काळ त्याच धरणाच्या वीजविक्रीतून निघाला. ज्या व्यवहाराने नदी बिघडते त्यानेच मोजणीचे पैसे द्यायचे, ही तजवीज मला न्याय्य वाटते.

निर्णय इंजिनिअरच घेतात ना?

अंतिम निर्णय अमेरिकेच्या अंतर्गत खात्याच्या मंत्र्यांचा. पण त्याआधी सल्लागार मंडळात खोऱ्यातली सात राज्यं, वीज घेणाऱ्या संस्था, पर्यावरणवाले, नदीत नावा चालवणारे, मासेमारीवाले आणि होपी, नवाहो, हुआलापाय, झुनी यांच्यासारखे मूळ रहिवासी समाज एकत्र बसतात. मोजणी करणारं केंद्र वेगळं, देशाच्या भूशास्त्र सर्वेक्षणाच्या अखत्यारीतलं आहे. दरवाजे ज्याच्या हातात, मोजपट्टी त्याच्या हातात नाही.

झुनींची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००३ ते २००६ मध्ये चबला वाचवायला लिटल कोलोरॅडोच्या संगमाजवळचे हजारो बाहेरचे ट्राउट मासे पकडून मारले. झुनी समाजाने आक्षेप घेतला: ही जागा आमच्यासाठी पवित्र आहे, इथं एवढा जीवसंहार नको. शास्त्रज्ञांच्या कोष्टकात हा रकाना नव्हता. पुढं मासे जिवंत पकडून हलवायचा मार्ग आराखड्यात आला. संगमाच्या पाण्यात मासे मारू नयेत ही भावना नृसिंहवाडीला जाणाऱ्या कुणालाही समजावून सांगायला नको.

आपल्या भागात याचा संबंध कुठल्या धरणांशी?

घटप्रभेवरचं हिडकल (५१ टीएमसी), मलप्रभेवरचं सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ (सुमारे ३७.७ टीएमसी), बेळगाव शहराला पाणी देणारं मार्कंडेयवरचं छोटं राकसकोप. हद्दीपलीकडची पण आपल्या अंगणात पाणी आणणारी म्हणजे दूधगंगेवरचं काळम्मावाडी आणि कृष्णेच्या वरच्या अंगाला कोयना (१०५ टीएमसी). खालच्या अंगाला अलमट्टी.

हिडकलवर असं काही करता येईल का?

सुरुवात करायला मला तरी हिडकलच सगळ्यात सोयीचं वाटतं. धरण, त्याचे कालवे आणि खालची नदी, सगळं एकाच राज्यात, बरंचसं एकाच जिल्ह्यात.

आधी पुराची बाजू. गोकाकला लोळसूर पुलावर येणारं पाणी एकट्या हिडकलचं नसतं. संकेश्वरवरून येणारी हिरण्यकेशी धरणाच्या खाली घटप्रभेला मिळते, गोकाकजवळ मार्कंडेय येते. २०१९च्या ऑगस्टमध्ये तिन्ही एकदम चढल्या आणि गोकाक बुडालं. या तिघींपैकी मोठा दरवाजा फक्त एकीवर आहे. म्हणून हिडकलच्या सूचीत प्रश्न 'धरण किती भरलं' एवढाच नको, 'हिरण्यकेशी आत्ता काय करतेय' हाही हवा. ग्लेन कॅन्यनवाले पारिया पाहून दरवाजा उघडतात, आपण हिरण्यकेशी पाहून थोडा आधी उघडायचा किंवा थोडा धरायचा. जुलैच्या मध्याला जलाशय २,१७५ फुटांच्या पूर्ण पातळीच्या किती खाली ठेवावा, हा एक अंदाज लिहून काढा. तीन-चार पावसाळे तो पाळा. प्रत्येक वर्षी दोन आकडे जाहीर करा: लोळसूरला पाणी किती चढलं आणि ऑक्टोबरअखेर धरण किती भरलं. पूर टाळताना धरण रिकामं राहिलं तर शेतकरी विचारणारच, आणि तो आकडा लपवून चालणार नाही.

दुसरी बाजू धुपदाळची. १८९७ साली बांधलेला हा बंधारा, तिथून डावा कालवा निघतो, आणि त्याच्या पाणथळीवर घटप्रभा पक्षी अभयारण्य उभं आहे. हिवाळ्यात कांड्या करकोचे हजारो मैलांवरून येतात. दिवसा शेतांत चरतात, रात्री उथळ पाण्यात उभे राहतात. पाणी फार चढलं तर उभं राहायला जागा नाही, फार उतरलं तर कुत्री चालत पोचतात. आवर्तन सोडताना-बंद करताना धुपदाळची पातळी वर-खाली होतेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती ठरावीक इंचांच्या पट्ट्यात ठेवून पाहावी आणि पक्षी मोजावेत. खर्च जवळपास शून्य.

तिसरा गोकाकचा धबधबा. ५२ मीटरची उडी, १८८७ पासून वीजनिर्मिती, आणि उन्हाळ्यात नुसता काळा कातळ. तिथं बारमाही धार असावी असं पर्यटकांना वाटतं. मला वाटतं, धबधब्याच्या देखाव्यापेक्षा खालच्या डोहांत मासे जगतील एवढं पाणी हे आधीचं काम.

कृष्णा-दूधगंगेचं काय? धरण महाराष्ट्रात, बुडतो आम्ही.

इथं गुंता आहे. राजापूर बंधाऱ्यावरून येणारं पाणी आणि दूधगंगेचं पाणी, दोन्ही मिळून कल्लोळजवळ किती, हा आकडा पावसाळ्यात चिकोडी तालुका रोज ऐकतो. यडूर-कल्लोळ, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे पूल-बंधारे कुठल्या क्रमाने जातात हेही सगळ्यांना पाठ आहे. सूचना कन्नडमध्ये येतात, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मराठीत येते, आणि आपण दोन्ही जोडून अंदाज बांधतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे सदलग्यातल्या पोरालाही माहीत असतात. म्हणजे मोजणं लोकांच्या अंगात आहे. फक्त ते धरणाच्या सूचीपर्यंत पोचत नाही.

उन्हाळ्याची बाजू याहून दुर्लक्षित. कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की नदी एकामागोमाग एक तळ्यांची रांग होते. त्यात सांडपाणी, साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी साचतं. मग वरून थोडं पाणी येतं किंवा बरगे काढतात, आणि साचलेलं काळं पाणी एकदम खाली सरकतं. मेलेल्या माशांचा खच तेव्हा दिसतो. इथं करून पाहण्यासारखा प्रयोग सरळ आहे: बरगे एकदम सगळे न काढता वरून खाली क्रमाने, काही दिवसांच्या अंतराने काढायचे, त्याच वेळी धरणातून स्वच्छ पाण्याची धार ठेवायची आणि पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा. सांडपाणी नदीत सोडणं थांबवण्याला हा पर्याय नाही. तो गुन्हा तसाच राहतो.

मग लवादाच्या वाटणीला हात लावावा लागेल?

नाही, आणि या पद्धतीची हीच राजकीय सोय आहे. ग्लेन कॅन्यनमधून वर्षभरात किती पाणी खाली जायचं हे जुन्या करारांनी बांधलेलं आहे. प्रयोगांनी त्या वार्षिक आकड्याला धक्का लावला नाही. बदललं ते महिन्याचं, दिवसाचं, तासाचं वेळापत्रक. आपल्याकडंही कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत किंवा ब्रिजेशकुमार लवादाचे टीएमसी तसेच ठेवून वेळापत्रकावर बोलता येतं.

अलमट्टीचा वाद यातून मिटेल?

मिटणार नाही. ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर उंची न्यायची की नाही हा हक्कांचा वाद आहे. पावसाळ्यात अलमट्टीत कुठल्या दिवशी किती पातळी ठेवायची, एवढ्या तुकड्यावर मात्र महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांचे अभियंते तसेही फोनवर असतात. तेच बोलणं लेखी, आधी जाहीर केलेलं आणि नंतर तपासलेलं असावं.

आपल्या कायद्यात याला जागा आहे?

थोडी आहे. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने आवक-अंदाज, परिचालनाची नियमपुस्तिका आणि आपत्कालीन कृती आराखडा धरणमालकावर बंधनकारक केला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये राज्यांना सांगितलं की नद्यांत कोरड्या दिवसांतल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहतं ठेवा. मोजून सुधारत जा, असं स्पष्ट बंधन मात्र यात नाही.

सूची सतत बदलली तर शेतकऱ्याने आवर्तनाचा भरवसा कसा धरायचा?

रास्त शंका. म्हणून बदल हंगामाच्या मध्यात करायचा नाही. ऊस-मक्याची लागण ठरण्याआधी पाटबंधारे सल्लागार समितीची बैठक होते, त्याच बैठकीत त्या वर्षीचा प्रयोग, त्याची मर्यादा आणि कुठल्या परिस्थितीत तो थांबेल हे जाहीर व्हावं. कालव्याच्या शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही तर प्रयोग बंद, असं कलम मी तरी पहिलं घालीन.

'अभ्यास चालू आहे' म्हणत निर्णय टाळायचा हा नवा बहाणा नाही का?

होऊ शकतो, जगभर झालाही आहे. बैठका होतात, अहवाल जाड होतात, दरवाजे पूर्वीसारखेच चालतात. ओळखायची खूण एकच: मोजमाप अमुक रेषेच्या खाली गेलं तर आपोआप काय बदलेल, हे आधी लिहिलंय का? २०१२च्या वाळूच्या नियमात ते होतं. नसेल तर तो कार्यक्रम निव्वळ चहापाण्याचा.

धरण आमच्या हातात नाही. गावाने काय करायचं?

मोजायचं आणि तारखेनिशी लिहून ठेवायचं. पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा रंगवून सकाळ-संध्याकाळ पातळी. पूर उतरताना दर दोन तासांनी. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाण्याचा रंग, वास आणि साध्या तापमापकाने उष्णता. मासेमारी करणाऱ्यांना विचारून कुठला मासा जाळ्यात आला: मरळ, वाम, खवल्या, की नुसता चिलापी. कड कोसळली तर त्याच दिवशी खुंटापासून अंतर. शाळेतली पोरं हे काम उत्तम करतात आणि विज्ञानाच्या तासाला त्यांना कारणही मिळतं. वही दोन प्रतींत ठेवा, एक पंचायतीत आणि एक पंचायतीबाहेर.